कॅम्पर व्हॅन: जनरेटर तीन तास चालला तरी बॅटरी भरत नाही, दाराला हात लावला की मुंग्या

टिटवी
मंडळी, मदत हवी आहे. सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे उलट प्रश्न विचारण्यात तुमचा वेळ जाणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही फोर्स ट्रॅव्हलर घेतली आणि ती राहण्याजोगी करून घेतली. पलंगाखालच्या कप्प्यात १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर (लेड अॅसिडच्या, पाणी घालायच्या) बॅटऱ्या पॅरलल जोडलेल्या आहेत. त्यांच्यावर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि पाण्याचा पंप चालतो. मिक्सरसाठी वेगळा इन्व्हर्टर आहे. बॅटऱ्या भरायला ३० अँपिअरचा चार्जर आहे, तो बाहेरच्या प्लगवर किंवा आमच्या छोट्या पेट्रोल जनरेटरवर चालतो. गाडी चालू असताना डायनमोकडूनही चार्जिंग व्हावं म्हणून रिले (आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) बसवलेला आहे.

मागच्या आठवड्यात गुहागर-वेळणेश्वर भागात चार दिवस होतो. जनरेटर रोज तीन तास चालवला. चार्जरवर हिरवा दिवा लागायचा, पण बॅटरी १२.१ व्होल्टच्या वर जायला तयार नाही. पहाटे तीनच्या सुमारास फ्रिज बंद पडायचा. पाच तास गाडी चालवूनही फरक पडला नाही. त्यात एका होमस्टेच्या व्हरांड्यातून प्लग घेतला, तेव्हा ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराला हात लावला की झिणझिण्या यायच्या.

मला फ्रिजची जास्त काळजी आहे. आईचं इन्सुलिन त्यात असतं. बॅटरीवाला म्हणतो दोन्ही बॅटऱ्या गेल्या, नव्या घ्या. तीसेक हजारांचा प्रश्न आहे. नव्या घेऊ का?

घाटमाथा
दोन वर्षांत ट्युब्युलर सहसा जात नाहीत. शेवटचं डिस्टिल्ड वॉटर कधी घातलंत?

टिटवी
दर दोन महिन्यांनी बघते. पातळी बरोबर आहे.

करवीर_वायरमन
ताई, टर्मिनलला पांढरा चुना धरलाय का बघा आधी. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा, वरून ग्रीस. माझ्याकडं 'बॅटरी गेली' म्हणून येणाऱ्या दहातल्या निम्म्या गाड्या एवढ्यावर बऱ्या होऊन जातात. आणि मुंग्यांचं म्हणाल तर तीन फुटी रॉड जमिनीत ठोका, गाडीच्या बॉडीला वायर बांधा, विषय संपला.

हिमशिखर
मी सरळ सांगतो, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. लडाखला जाऊन आलो, लेड अॅसिडच्या निम्म्याहून कमी वजनात तेवढीच वापरता येणारी साठवण मिळते. ट्युब्युलर निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं, लिथियम ऐंशी टक्के वापरली तरी कुरकुर करत नाही. परत त्याच जुन्या तंत्रावर पैसे घालू नका.

डोलकाठी
टिटवीताई, अजून काही विकत घेऊ नका. मी अठ्ठावीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता रत्नागिरीत असतो. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहायची राहिली आहे, तिच्यावर बरंच अवलंबून आहे. इन्व्हर्टरवर मिक्सर कसा चालतो?

टिटवी
काका, मिक्सर मस्त चालतो! ५०० वॅटचा आहे. चौथ्या दिवशी सकाळी फ्रिज बंद होता तरी ओल्या नारळाची चटणी वाटली. त्यामुळेच तर मी गोंधळले.

डोलकाठी
मग बॅटऱ्या गेलेल्या नाहीत. ५०० वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीतून ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. मेलेली बॅटरी एवढ्या भाराखाली क्षणात बसली असती आणि इन्व्हर्टर ओरडला असता. तुमचा फ्रिज चारेक अँपिअर घेतो आणि तोच बंद पडतो. पंचेचाळीस झेपतात आणि चार झेपत नाहीत, असं बॅटरीच्या बाबतीत होत नाही. वाटेच्या बाबतीत होतं.

आता असा विचार करा. फ्रिजला वीज पुरत नाही, चार्जरची वीज बॅटरीत पोचत नाही, डायनमोचीही पोचत नाही. इन्व्हर्टर मात्र ठणठणीत. पहिल्या तिघांच्या वाटेत असं काय आहे, जे इन्व्हर्टरच्या वाटेत नाही?

माझा अंदाज: इन्व्हर्टरच्या दोन्ही जाड केबल थेट बॅटरीला आहेत आणि बाकी सगळ्यांची निगेटिव्ह चेसीसमधून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत येते. बॅटरीची निगेटिव्ह चेसीसला जिथे बोल्टने जोडली आहे, तो सांधा तपासा. जहाजावर पोलादी सांगाड्याला आम्ही परतीची वायर मानत नाही.

कसं तपासायचं ते सांगतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. फ्रिज चालू हवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर लावा, वरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक चेसीसच्या खरवडलेल्या, चकचकीत पत्र्यावर. शून्याच्या जवळ आकडा हवा. ०.१ च्या वर गेला की संशय घ्यायचा. भार बंद ठेवून मोजलंत तर खराब सांधाही चांगला दिसेल, कारण करंट वाहत नसताना व्होल्टेज पडत नाही. बॅटरीवाले बहुधा तिथेच फसतात.

ढेकूळ
आमच्याकडं मीटर नसतो. ट्रॅक्टर दोनदा सेल्फ मारायचा, मग हातानं सगळे सांधे चाचपायचे. जो कोमट लागला तो चोर. टिटवीताई, जनरेटरवर तासभर चार्जिंग लावा आणि त्या बोल्टाला बोट लावा.

घाटमाथा
मीटरपेक्षा स्वस्त आणि सेलही बदलावे लागत नाहीत 😀

डोलकाठी
ढेकूळभाऊ बरोबर सांगतायत. फक्त १२ व्होल्टच्या बाजूलाच बोट लावायचं, २३० च्या सांध्यांना नाही. आणि अंगठी, घड्याळ काढून. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरचा पाना अंगठीला लागला आणि अंगठी पत्र्याला टेकली तर बोट भाजून निघतं, मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सातासमुद्रापार
अमेरिकेतून लिहिते आहे. आमचं मोटरहोम जुनं आहे आणि जनरेटर गाडीतच बसवलेला आहे. इथे १२० व्होल्ट असतं, पण दुखणी तीच. न्यू मेक्सिकोत आमचा जनरेटर छान चालू आणि आत एकही प्लग जिवंत नाही. आम्ही घरातल्या पॅनेलचे सगळे ब्रेकर खालीवर केले, चेंजओव्हर रिले उघडून बघितला. शेवटी कळलं की जनरेटरच्या अंगावरच, झाकणाआड, त्याचा स्वतःचा ब्रेकर असतो आणि तोच पडला होता. अर्धा दिवस गेला.

एक सावधगिरीची गोष्ट, विषयाला थोडी सोडून. इथे मोटरहोमचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो, पण तो कपडे वाळवायच्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या प्लगसारखा दिसतो. आमच्या अंगणात वायरिंग करणाऱ्याने त्याला २४० जोडलं होतं. मी प्लग घालण्याआधी मीटर लावला म्हणून वाचलो, नाहीतर आतली सगळी उपकरणं गेली असती. तेव्हापासून कुठेही गेलं तरी आधी मीटर, मग प्लग.

नवशिक्या
वाचतोय. मीही तीच गाडी घेऊन काम करून घेतोय. खूप शिकायला मिळतंय.

अबोली
मी नर्स आहे, गोव्याला असते. इन्सुलिनबद्दल लिहिते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची. वापरात असलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन उन्हापासून दूर, २५-३० अंशांच्या आत चारेक आठवडे चालतं, नेमके दिवस वेष्टनावर पाहा. त्यामुळे एका रात्रीच्या घोळाने घाबरून जाऊ नका. पण गाडीतल्या छोट्या फ्रिजमध्ये गारठणाऱ्या पत्र्याला चिकटून कुपी ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. आमच्याकडे पूर्वी दोन मडकी, एकात एक, मध्ये ओली वाळू असं करायचे. प्रवासात तेही कामाला येतं.

टिटवी
अबोली, मनापासून आभार. हे वाचून आईने स्वतः फ्रिजमधला डबा पुढे ओढून ठेवला.

आज मोजमाप केलं. नवऱ्याने मीटर धरला, मी आकडे लिहिले.

फ्रिज चालू असताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि चेसीस यांच्यात ०.४ व्होल्ट.

जनरेटरवर चार्जर लावला. चार्जरच्या टोकांवर १४.२, बॅटरीच्या खांबांवर १३.०. पॉझिटिव्हच्या वाटेवर ०.१ पडलं आणि निगेटिव्हच्या वाटेवर १.१! क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) शेजारच्या काकांकडून आणला होता, तो ११ अँपिअर दाखवत होता. आणि ढेकूळभाऊ, बोल्ट खरंच कोमट लागला.

डोलकाठी
सापडला. १.१ भागिले ११, म्हणजे ०.१ ओहम. फ्रिजचे ०.४ भागिले ४, तेही ०.१. दोन वेगळ्या भारांवर एकच उत्तर आलं, म्हणजे सांधा तोच. त्या बोल्टवर चार्जिंगच्या वेळी १२ वॅट उष्णता जळते आहे, म्हणून कोमट.

आता हिरव्या दिव्याचं. चार्जरला बॅटरी दिसत नाही, त्याला फक्त स्वतःच्या टोकांवरचं व्होल्टेज दिसतं. तिथे १४.२ झालं की त्याला वाटतं बॅटरी भरत आली. तो करंट हळूहळू आवरतो आणि काही वेळाने साडेतेरावर उतरून नुसता धरून बसतो. बिचारी बॅटरी १३.० वरच. तीन तासांत तुमच्या ३०० अँपिअर-अवरमध्ये फार तर ३३ पडले. फ्रिज दिवसाला पन्नासेक खातो, पंखे-दिवे वेगळे. रोज खड्डा वाढत गेला.

रात्री फ्रिज का थांबला तेही जुळतं. बॅटरी १२.० वर आली, सांध्यावर ०.४ गेले, बारीक वायरीत थोडं आणखी. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो. फ्रिजला साडेअकराच्या खालचं दिसलं आणि बॅटरी वाचवण्यासाठी तो थांबला. फ्रिजवर हाय, मीडियम, लो असं संरक्षणाचं बटण असेल, तुमचं बहुधा हायवर आहे.

टिटवी
हायवरच आहे! काका, तुम्ही गाडीत बसून बघितल्यासारखं सांगताय.

हिमशिखर
मान्य, आधी सांधा. पण लिथियमबद्दलचं मत मी बदलत नाही. पुढच्या वेळी तरी विचार करा.

डोलकाठी
लिथियमला माझा विरोध नाही, पण नुसती बॅटरी बदलून भागत नाही. दोन गोष्टी आहेत. रिकामी लिथियम डायनमोकडून प्रचंड करंट ओढते. डायनमो तेवढा वेळ तेवढा भार वाहायला बनवलेला नसतो, तो तापतो. दुसरं, टिटवीताईंकडे आहे तसला साधा व्होल्टेजवर चालणारा रिले १३.३ च्या आसपास जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. लिथियम बॅटरी नुसती पडून असली तरी १३.२-१३.३ दाखवते. मग गाडी बंद झाली तरी रिले सुटतच नाही, इंजिनाची बॅटरी आणि घरची बॅटरी रात्रभर एकमेकींना जोडलेल्या राहतात.

हिमशिखर
हे खरं आहे, मी त्यातून गेलोय. पहिल्या फेरीत साधा रिलेच होता. नंतर मध्ये डीसी टू डीसी चार्जर बसवला, ३० अँपिअरवर बांधलेला, तेव्हा डायनमो शांत झाला. नव्या बीएस ६ गाड्यांत डायनमोचं व्होल्टेज संगणक खालीवर करतो, तिथे तर तो हवाच. आणि हेही सांगून ठेवतो, लेहच्या पुढे सकाळी उणे तापमानात लिथियम चार्ज होत नाही, आतलं सर्किट चार्जिंग तोडतं. ते तोडतं म्हणून बरं, नाहीतर बॅटरी आतून खराब होते. जनरेटरही तिथे दमतो. हवा विरळ, काळा धूर, पुण्यात ओढायचा तो भार ओढत नाही.

करवीर_वायरमन
सांधा कसा करायचा ते मी सांगतो, हे आमचं रोजचं काम. बोल्ट काढा. खालचा रंग, प्रायमर, गंज सगळा तासून पांढरा पत्रा काढा. बहुतेक ठिकाणी रंगावरच लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) ठेवून आवळतात, पहिलं वर्ष बोल्टच्या आट्यांमधून कसंतरी चालतं आणि मग कोकणातली खारी हवा आपलं काम करते. लग नवीन, टिनच्या मुलाम्याचा, तांब्याचा. पक्कडीने चेपायचा नाही, हायड्रॉलिक क्रिम्पिंगच मारायचं. वर हीट श्रिंक. दातेरी (स्टार) वॉशर लगच्या बाहेरच्या बाजूला. आवळून झालं की वरून ग्रीस किंवा रंग, आधी नाही.

त्यापेक्षा भारी काम हवं असेल तर चेसीसचा नाद सोडा. बॅटरीजवळ एक तांब्याची बसबार (जोडपट्टी) बसवा, फ्रिज, पंखे, चार्जर सगळ्यांच्या निगेटिव्ह वायरी तिथं आणा. चेसीसला फक्त डायनमोसाठी एक ३५ स्क्वेअरची (चौरस मिमी) केबल.

आणि दोन्ही बॅटऱ्यांचं कनेक्शन बघा, पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून घेतलंय ना? दोन्ही एकीवरूनच घेतलं तर तीच राबते आणि तीच आधी मरते.

टिटवी
करवीरदादा, दोन्ही एकीवरूनच घेतलेलं आहे. बदलते.

आता मुंग्यांचं सांगा. रॉड घ्यायचा का?

डोलकाठी
इथे माझं करवीरदादांशी थोडं वेगळं मत आहे. ताई, आधी त्या दिवशी वापरलेली एक्स्टेन्शन उघडा.

टिटवी
उघडली. तीन पिनांचा प्लग आहे. आत दोनच वायरी आहेत. 😟

घाटमाथा
अरे देवा.

डोलकाठी
हेच वाटलं होतं. तुमच्या चार्जरच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोघांकडून बॉडीकडे जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थची वायर शाबूत असेल तर ती चिमूटभर गळती तिच्यातून निघून जाते. वायरच नसेल तर गाडीची बॉडी दोघांच्या मध्यावर तरंगते. मीटर लावलात तर बॉडी आणि ओली जमीन यांच्यात ११० व्होल्टच्या आसपास दिसेल. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण त्याच वेळी आत एखाद्या फेज वायरचं आवरण घासून ती पत्र्याला टेकली असती, तर मुंग्यांवर भागलं नसतं. आई दार उघडून उतरणार होत्या ना? त्या एक्स्टेन्शनचे आजच तुकडे करा. दुसऱ्या कोणी वापरता कामा नये.

नवी घ्या, तीन कोअरची, २.५ स्क्वेअर, बाहेर वापरायच्या दर्जाची. गाडीत शिरल्याबरोबर दोन्ही पोल तोडणारा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा). दोन्ही पोल अशासाठी की आपल्याकडे होमस्टेच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे सर्रास सापडतात.

करवीर_वायरमन
काका, तिसरी वायर पाहिजेच, त्यात वाद नाही. पण गावाकडच्या होमस्टेच्या सॉकेटला अर्थच नसतो, तिथं रॉडशिवाय काय करणार?

डोलकाठी
मुद्दा बरोबर आहे. रॉड एकटा पुरत नाही, एवढंच म्हणतो. जांभ्या दगडात तीन फुटांचा रॉड ठोकला तर ५० ओहम मिळाले तरी नशीब. फेज पत्र्याला टेकली तर २३० भागिले ५०, साडेचार अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गाडी जिवंत राहील. आरसीसीबी असेल तर मात्र तेवढा करंट त्याला भरपूर झाला, तो लगेच पडेल. म्हणून होमस्टेवर रॉड आणि आरसीसीबी हे जोडीनेच.

जनरेटरवर गोष्ट वेगळी. छोट्या पेट्रोल जनरेटरमध्ये बहुधा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो. गाडीला रॉड ठोकलात तरी करंटला जमिनीतून जनरेटरकडे परतायला वाटच नाही, त्यामुळे आरसीसीबीही काम करत नाही. त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडावे लागतात, तेही फक्त जनरेटरपाशी. गाडीच्या पॅनेलमध्ये कधीच नाही, नाहीतर होमस्टेच्या प्लगवर आरसीसीबी सारखा पडत राहील. पण हे स्वतः करू नका. काही जनरेटरचं वायंडिंग आतूनच वेगळ्या पद्धतीने जोडलेलं असतं, तिथे हा जोड दिला तर शॉर्ट होईल. आधी मॅन्युअल, मग परवानाधारक इलेक्ट्रिशियन.

करवीर_वायरमन
हे पटलं. एवढी वर्षं मी जनरेटरवाल्या गाड्यांना नुसता रॉड ठोकून देत आलोय. आता जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतो.

सातासमुद्रापार
इथे त्यासाठी तयार प्लग मिळतो. न्यूट्रल-अर्थ आतून जोडलेला, जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घालून ठेवायचा. फक्त जनरेटरपुरता, तो कधीही घरच्या सॉकेटमध्ये घालायचा नाही.

अबोली
वायरिंगचं चाललंय, पण मला एक विचारायचंय. टिटवी, जनरेटर कुठे ठेवता?

टिटवी
मागच्या दाराजवळ, छत्रीखाली. पाऊस असतो ना.

अबोली
कृपा करून तिथे ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे, आणि झोपेत असेल तर तो उठतच नाही. आमच्या वॉर्डात असे रुग्ण आलेत. वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुराचं तोंड गाडीपासून उलट. झोपताना बंद. आणि पलंगाशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

डोलकाठी
अबोलीताईंचं सगळ्यात आधी करा. बोल्ट आठवडाभर थांबला तर चालेल.

टिटवी
अलार्म आजच मागवला.

नवशिक्या
एक शंका. बॅटऱ्या पलंगाखाली ठेवलेल्या चालतात का?

ढेकूळ
ट्युब्युलर असतील तर कप्प्याला बाहेर वाट पाहिजे, वरच्या अंगाला. चार्ज होताना गॅस निघतो आणि तो पेट घेतो. आमच्या गोठ्यात एकदा बॅटरी फुटली, अॅसिड छपरापर्यंत उडालं. देवाच्या कृपेनं जवळ कोणी नव्हतं.

टिटवी
दहा दिवसांनी लिहिते आहे. करवीरदादांनी सांगितलं तशी बसबार बसवून घेतली, क्रिम्पिंग माझ्यासमोर करून घेतलं. जुना बोल्ट काढला तेव्हा खाली रंगाचा अख्खा थर होता आणि भोवती गंजाची पोळी. बॅटऱ्यांचं कनेक्शन तिरपं केलं. कप्प्याला बाहेर उघडणारी जाळी काढली. जनरेटरसाठी इलेक्ट्रिशियन आला, मॅन्युअल वाचून त्याने प्लग करून दिला, आरसीसीबी तीनदा पाडून दाखवला.

आकडे: फ्रिज चालू असताना निगेटिव्हच्या वाटेवर ०.०२. जनरेटरवर चार्जरच्या टोकांवर १४.१, बॅटरीवर १३.९ आणि करंट २७ अँपिअर. जुन्याच बॅटऱ्या! आधी घरच्या प्लगवर रात्रभर लावून काठोकाठ भरल्या, मग शनिवार-रविवार वेळासला राहून आलो. जनरेटर एकदाच तीन तास, चाळीस फुटांवर, झाडाआड. दोन्ही रात्री फ्रिज थांबला नाही. पहाटे उठून बघितलं तर आई आधीच जागी होती, फ्रिजला कान लावून बसलेली. म्हणाली, चालतोय गं.

डोलकाठी काका, रत्नागिरीला आलो की तुमच्याकडे यायचं आहे. पत्ता इथे नको, निरोपात कळवा.

डोलकाठी
जरूर या. आईंना घेऊन या. आणि मीटर सोबत आणा, माझ्या होडीच्या पंपाचा एक सांधा मला छळतो आहे.

नवशिक्या
आज माझ्या गाडीचा बोल्ट उघडून घेतला. गाडी अजून ताब्यातही मिळालेली नाही. लगखाली रंग निघाला. पंखे लावून मोजलं, ०.३. कारागिराला हा धागा वाचून दाखवला, तो आता पत्रा तासतोय.